किरकोळ कारणावरून

एकोणीस वर्षं मी हे वाक्य लिहीत आले.
रामटेकडीच्या उतारावर रिक्षा न्यूट्रलला सोडावी
तसा हात आपोआप जातो:
किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून
लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.
माझ्या अक्षराचं हडपसरात कौतुक आहे.
साहेब म्हणतात, भिलारेबाईंची फिर्याद
कोर्टात चष्म्याशिवाय वाचता येते.

रात्री सव्वानऊला इद्रिस तांबोळी आला.
वय एकतीस, धंदा पाण्याचे फिल्टर दुरुस्ती,
डावा कान सुजलेला, हातात अजून पाना.
सोबत ओव्हाळबाई.
महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं व्याकरण शिकवलं,
आता त्यांचा एक गट आहे:
कुणाला मार बसला की एक जण
त्याच्यासोबत चौकीत येऊन बसतो.
बोलायला नाही. बसायला.
आम्ही त्यांना बाकडंवाले म्हणतो.

विचारलं, वाद कशावरून?
तो म्हणाला, वाद नव्हता.
मी लिहिलं: गाडी लावण्याच्या किरकोळ कारणावरून.
सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर तेच सांगत होते,
आणि अदखलपात्र नोंदीला सात मिनिटं पुरतात.
अदखलपात्र.
हा शब्द मी समोरच्या माणसाकडे बघत
कधी उच्चारला नव्हता.

वाचून दाखवलं. नियम आहे.
तेव्हा ओव्हाळबाईंनी तोंड उघडलं,
"शुद्धलेखन चोख आहे, ताई. क्रम चुकलाय.
आधी काय झालं, ते विचारा त्याला."

आधी गेटवरचं रजिस्टर झालं.
नाव, फ्लॅट नंबर, आत जायची वेळ.
त्यानं नाव लिहिलं, आईनं ठेवलेलं, पूर्ण.
खुर्च्यांवरच्या तिघांनी वाकून वाचलं.
एक म्हणाला, अक्षर लागत नाही, तोंडानं सांग.
त्यानं सांगितलं.
मग मारलं.
गाडी? गाडी बाहेर होती,
पिंपळाखाली, स्टँडवर, कुणाच्या वाटेत नाही.

फिर्यादीत खाडाखोड चालत नाही,
म्हणून मी कागद बदलला.
नाव विचारून मारलं.
विचारून.
आधी काय नि मग काय हे सांगायला
मराठीला एवढंसं 'ऊन' पुरतं.
शिवीगाळ करून, धमकी देऊन, गळा धरून,
सगळे 'ऊन' मी नेमानं लिहीत आले,
हा एक सोडून.

साहेब म्हणाले, वाढवू नका, सणाचे दिवस आहेत.
म्हटलं, वाढवत नाही साहेब, क्रम लावतेय.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, ते रजिस्टर उजाडायच्या आत जप्त करा.

वॉचमन धोंडीराम रजिस्टर गादीखाली घेऊन झोपला होता.
सेक्रेटरींनी पान फाडायला सांगितलं होतं.
"पाठीमागं माझी हजेरी हाय, बाई.
पान गेलं तर पगार कोण देनार?"
याला धैर्य म्हणावं का, मला ठरवता आलं नाही.
पंचनाम्यात तसा रकाना नाही.

आता दर गुरुवारी चारला, चौकीमागच्या खोलीत,
आम्ही चौदा जण सतरंजीवर, बाई फळ्यापाशी.
जुन्या नोंदी काढतो, नावं झाकतो,
'किरकोळ' दिसला की थांबतो.
आधी काय झालं?
नवी पोरं कंटाळतात. एक जण चक्क घोरतो.
मागच्या खेपेला माझीच एक नोंद निघाली,
सात वर्षांपूर्वीची. सुंदर अक्षर.
कोण होता तो, काही केल्या आठवेना.

इद्रिस परवा पुरवणी जबाबाला आला.
आमच्याही दारात रजिस्टर असतं.
त्यानं पेन उचललं, थांबला,
नावाच्या रकान्यात लिहिलं: फिल्टरवाला.
मी वाचलं. काय बोलणार.
वेळ मात्र त्यानं अचूक घातली होती,
चार वाजून दहा मिनिटं.